चाचणीचे गुण भरून झाले; आता वर्गात काय करायचे?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. मुंबईतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत तुम्ही पाचवीला शिकवता आणि वर्गात ४२ मुले आहेत. पायाभूत चाचणीचे गुण तुम्ही ऑनलाइन भरले, एक्सेलमध्ये सरासरी काढली, मुलांचे ‘प्रगत, मध्यम, अप्रगत’ असे तीन गट केले आणि महिनाभराने तुमच्या लक्षात आले की तुमच्या शिकवण्यात काहीच बदललेले नाही. मुख्याध्यापक म्हणतात की चाचणीची माहिती पाहून अध्यापन करा. तर उद्या फळ्यासमोर उभे राहून नेमके काय करायचे, त्यासाठी वेळ कुठून आणायचा आणि गटांची यादी भिंतीवर लावावी का, हे तुम्ही विचारले आहे. मी २७ वर्षे मुंबईच्या पूर्व उपनगरांत प्राथमिक वर्गांना शिकवले, त्यातली बरीच वर्षे पाचवीलाच गणित होते. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

गट नीट पडले नाहीत म्हणून काही बदलले नाही, असे तुम्हाला वाटते आहे. मला वाटते की घोटाळा त्याच्याही आधी, गुणांची बेरीज केली तिथेच झाला. राज्यात प्राथमिक वर्गांना वर्षारंभी पायाभूत आणि नंतर सत्राअखेर संकलित एक व दोन अशा चाचण्या होतात. त्यांचे एकूण गुण वर पाठवायचे असतात, कारण कोणत्या विभागाकडे अधिक लक्ष द्यावे हे वरच्यांना त्यावरून ठरवता येते. ते काम आवश्यक आहे आणि त्यासाठी बेरीज पुरेशी आहे. पण तीच बेरीज घेऊन आपण वर्गात शिरलो तर ती आपल्याला काहीही सांगत नाही. माझ्या एका वर्गात दोन मुलांना ३० पैकी १४ गुण होते. मुलीची सगळी आकडेमोड बरोबर होती, पण शाब्दिक उदाहरणांच्या जागा कोऱ्या होत्या, कारण तिला तीन ओळींचा मजकूर वाचता येत नव्हता. मुलगा शाब्दिक उदाहरणाची मांडणी अचूक करत होता आणि प्रत्येक वजाबाकी चुकत होता. मी दोघांनाही ‘मध्यम’ गटात बसवून एकच सराव दिला होता, आणि तो दोघांच्याही उपयोगाचा नव्हता.

आता पुढे जे सांगते त्यातले बरेच परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करते. तपासलेल्या उत्तरपत्रिका तुमच्या हाताशी आहेत की जमा झाल्या, तुम्ही सगळे विषय शिकवता की एकच, शाळा दोन सत्रांत भरते का आणि सुटल्यावर वर्गखोली लगेच दुसऱ्यांना द्यावी लागते का, मुलांच्या घरी मराठी बोलली जाते की दुसरी भाषा, यावर यातले काय जमेल ते ठरेल. माझ्या वर्गात कधी ३८ मुले होती, कधी ६१ होती. ६१ मुलांच्या वर्षी मी यातले निम्मेच केले आणि तेही फक्त गणितात. तुम्हीही एकाच विषयापासून सुरुवात करा.

पहिले काम कागदावरचे आहे. उत्तरपत्रिका परत मिळवा, त्यातले महत्त्वाचे दहा प्रश्न निवडा आणि चौकटीच्या वहीत उभी नावे व आडवे प्रश्न असा तक्ता करा. उत्तर बरोबर असेल तर चौकट रिकामी ठेवा. चूक असेल तर फुली मारू नका, मुलाने लिहिलेले उत्तर जसेच्या तसे त्या चौकटीत उतरवा. ४२ मुलांसाठी याला साधारण दीड तास लागतो, आणि वर्षातून तीन वेळा तो दीड तास द्यावा असे मी ठामपणे म्हणेन, कारण पुढचे सगळे या तक्त्यावरच उभे आहे.

का, ते एका उदाहरणावरून सांगते. ५०३ वजा १६७ ही वजाबाकी घ्या, उत्तर ३३६. माझ्या तक्त्यात या एकाच रकान्यात चुकीची उत्तरे पुन्हापुन्हा तीच येत: ४६४, ३४६ आणि ६७०. तिन्ही उत्तरांना गुण शून्यच, पण त्यामागची मुले वेगवेगळ्या ठिकाणी अडलेली होती. ४६४ लिहिणारे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, मग तो अंक वर असो वा खाली. त्याच्या दृष्टीने ५०३ ही एक संख्या नसून शेजारी बसलेले तीन सुटे अंक आहेत. अशा मुलाला हातच्याचा नियम कितीही वेळा पाठ करून घेतला तरी फरक पडत नाही. त्याला काड्यांचे गठ्ठे, नाहीतर शंभर, दहा आणि एक रुपयाच्या खेळण्यातल्या नोटा हातात द्याव्या लागतात आणि शंभराची नोट मोडल्याशिवाय सात रुपये देता येत नाहीत, हे त्याच्या हातून घडावे लागते. यात दहा-बारा दिवस जातात. ३४६ लिहिणाऱ्याला हे सगळे कळलेले असते. शतक मोडून त्याने दहा दशक केले, मात्र त्यातला एक दशक एककाला दिल्यावर नऊच उरले हे तो विसरला. त्याच्यासाठी पाच मिनिटे आणि चार उदाहरणे पुरतात. ६७० लिहिणाऱ्याने बेरीज केली. त्याला चिन्ह मोठ्याने वाचायला लावून तेच उदाहरण पुन्हा द्यावे. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते आणि त्याला वेगळे काही शिकवावे लागत नाही. तिघांना ‘वजाबाकी कच्ची’ या एकाच शिक्क्याखाली बसवले तर पहिल्याला पुरेसे मिळत नाही आणि उरलेल्या दोघांचा वेळ फुकट जातो.

तक्ता झाला की आधी रकाने वाचा, मग ओळी. ज्या रकान्यात निम्म्याहून अधिक चौकटी भरलेल्या दिसतील, तो प्रश्न मुलांचा राहत नाही, आपला होतो: एकतर तो भाग आपण शिकवला तो उतरला नाही, किंवा प्रश्नाची भाषाच अवघड होती. तो भाग सगळ्या वर्गाला पुन्हा, आणि वेगळ्या रीतीने, शिकवायचा. रकान्यात पाच ते दहा चौकटी भरलेल्या असतील तर ते लहान गटाचे काम आहे. एकदोनच असतील तर बाकावर जाऊन सांगितले की झाले. या मर्यादा माझ्या सोयीच्या आहेत, तुम्ही आपल्या ठरवा, पण चाचणी घेण्याआधी ठरवा. किती मुले चुकली तर आपण काय करू, हे प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात आधी लिहून ठेवायची सवय मी फार उशिरा लावून घेतली. ज्या प्रश्नाच्या उत्तराने माझा उद्याचा तास बदलणार नसतो, तो प्रश्न मी त्यानंतर चाचणीत घालणेच सोडले.

मग ओळी. ज्या मुलाची ओळ सगळीकडे भरलेली आहे, त्याची पाचवीच्या प्रश्नपत्रिकेवरून काहीच माहिती मिळत नाही. तो पाचवीचे काम करू शकत नाही एवढेच कळते. त्याला खाली कुठवर येते हे समोर बसवून पाहावे लागते. यासाठी ‘प्रथम’ संस्थेने रूढ केलेली साधी पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटली. ही संस्था १९९५ मध्ये मुंबईच्याच वस्त्यांमधून कामाला लागली, आणि २००५ पासून मुलांचे वाचन व गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात हीच पद्धत देशाच्या ग्रामीण भागात वापरली गेली. मुलाला अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि छोटी गोष्ट यांपैकी कुठपर्यंत वाचता येते ते पाहायचे. गणितात अंक ओळखणे, दोन अंकी संख्या ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे. एका मुलाला काही मिनिटे लागतात, आणि ते मूल इयत्तेने कुठे आहे याऐवजी शिकण्यात कुठे आहे ते स्पष्ट दिसते. माझ्या अनुभवात गणितात सगळी ओळ चुकलेल्या मुलांपैकी बरीच मुले मुळात वाचनात अडलेली निघाली.

लेखी उत्तराचा अर्थ लागत नसेल तर मुलाला विचारा: ‘हे कसं केलंस ते मला सांग.’ ‘का चुकलं’ असे विचारू नका, कारण त्यावर मूल मान खाली घालते. एका मुलीने ‘एकोणचाळीस’ ऐकून ४९ लिहिले होते आणि मी दोन वर्षे अशा चुकांना दुर्लक्ष म्हणत आले होते. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘चाळीस ऐकू आलं म्हणून चार लिहिले, आणि एकोणमध्ये नऊ असतात ना!’ तिचे दोन्ही म्हणणे बिनचूक होते. मराठीत आपण ‘पंचेचाळीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. ‘एकोणचाळीस’मध्ये तर चाळीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात तीन. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा बराच वाद झाला, पण ज्या अडचणीवर तो उपाय होता ती अडचण प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली आहे. तुमच्या वर्गात ५४ आणि ४५, ३६ आणि ६३ यांची अदलाबदल होत असेल, तर तेच आकडे एकदा ऐकवून आणि एकदा फळ्यावर लिहून द्या. फक्त ऐकलेलेच चुकत असेल तर मुलाला स्थानिक किंमत कळते आहे. त्याला संख्यानामांचा सराव हवा आहे.

यावरूनच एक नाजूक गोष्ट सांगते. प्रश्न असा हवा की चुकीचा विचार करणाऱ्याचे उत्तर चुकेलच. पाचवीत दशांश अपूर्णांक येतात. ‘०.६५ आणि ०.४२ यांतील मोठी संख्या कोणती’ असे विचारले तर पासष्ट बेचाळीसपेक्षा मोठे असे समजणारे मूलही बरोबर उत्तर देते आणि आपण समाधानाने पुढे जातो. ‘०.६ आणि ०.४५’ असे विचारा. जे मूल दशांश चिन्हापुढचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचते ते ०.४५ मोठी म्हणेल, आणि त्याचा गैरसमज उघड्यावर येईल. आपण स्वतः वर्गात ‘पॉइंट पंचेचाळीस’ असे वाचत असू तर हा गैरसमज आपणच पक्का करत असतो. ‘शून्य दशांश चिन्ह चार पाच’ असे वाचणे बरे.

सरासरीविषयी एक सावधगिरी बाळगा. समजा ४० मुलांची सरासरी ५४ आहे. पुढच्या चाचणीच्या दिवशी १५-१५ गुणांची चार मुले गैरहजर राहिली, तर बाकीच्यांचा एकही गुण न वाढता सरासरी ५८ च्या वर जाते. मुंबईत हे नेहमी घडते. पावसाने रुळांवर पाणी आले की लांबून येणारी मुले येत नाहीत, गणपतीला निम्मी वाडी कोकणात जाते, आणि कामासाठी घर बदलणाऱ्या कुटुंबांची मुले मधूनच दिसेनाशी होतात. गैरहजर राहणारी मुले पुष्कळदा तीच असतात ज्यांची आपल्याला सर्वांत जास्त काळजी असते. म्हणून तुलना करायची तर दोन्ही चाचण्यांना हजर असलेल्या मुलांचीच करा, आणि गैरहजर मुलांची नावे तक्त्यात वेगळ्या रंगाने लिहा. तसेच एका प्रश्नावरून एका मुलाबद्दल निष्कर्ष काढू नका. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून खूण केली तरी चारांत एकदा बरोबर येते. दुसऱ्या दिवशी त्याच प्रकारची दोन उदाहरणे फळ्यावर द्यावीत आणि पुन्हा तीच चूक दिसली तरच ती खरी मानावी.

आता वेळेविषयी. तुमच्याजवळ ३५ मिनिटांची तासिका आहे. मी त्यातली पहिली २० मिनिटे सगळ्या वर्गाला शिकवत असे आणि उरलेली १५ मिनिटे आठवड्यातून तीन दिवस एका लहान गटासोबत जमिनीवर बसत असे. तेवढ्या वेळात बाकीची मुले जोडीने सराव करत. पहिला आठवडा गोंगाटात जातो, कारण बाई आपल्याकडे पाहत नसताना काम करायची मुलांना सवय नसते. तेवढा आठवडा सोसा. गट कौशल्यावर पाडा आणि दोन-तीन आठवड्यांनी मोडा. आज शून्याच्या वजाबाकीच्या गटात बसलेली मुलगी पुढच्या पंधरवड्यात अपूर्णांकाच्या गटात नसेल, आणि कोणी कायमचे कोणत्याच गटाचे नसेल, असे व्हायला हवे.

रोजच्यासाठी मोठी चाचणी लागत नाही. तास संपताना एक उदाहरण द्यायचे, मुलांनी ते तळहाताएवढ्या कागदाच्या चिठ्ठीवर सोडवून नाव घालून द्यायचे. मी घरी जाताना लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की भांडुप ते कुर्ला एवढ्या वेळात त्या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करत असे: जमले, किंचित चुकले, अजिबात कळले नाही. गुण देत नसे आणि कुठे नोंदवतही नसे. तिसरा गठ्ठा जाड असेल तर उद्याचा पाठ पुढे सरकायचा नाही, एवढा एकच निर्णय त्यातून निघायचा आणि तो पुरेसा होता.

उत्तरपत्रिका मुलांना परत देण्याची रीतही बदलून पाहा. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये इस्रायलमधील शाळांत केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे: ज्यांना फक्त शेरे मिळाले ती मुले पुढच्या कामात सुधारली, ज्यांना गुण आणि शेरे दोन्ही मिळाले, त्यांना शेऱ्यांचा तसा फायदा झाला नाही. मुले गुण पाहतात, शेजाऱ्याचे विचारतात आणि वही मिटतात, हे आपण रोज पाहतो. मी चूक झालेल्या पायरीवर फक्त गोल करून पेपर परत देत असे, मुलांनी चूक स्वतः शोधायची, आणि गुण दुसऱ्या दिवशी सांगत असे.

नोंदवहीचे काम यामुळे वाढत नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे २०१० पासून आहे आणि वर्णनात्मक नोंदी आपण तेव्हापासून लिहीतच आहोत, फक्त ‘गणितात चांगला प्रयत्न करतो’ याऐवजी ‘शून्य असलेल्या संख्येतून वजा करताना दशक कमी करायला विसरतो, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिले, आता जमते’ असे लिहा. पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला या एका ओळीतून जेवढे कळेल तेवढे टक्केवारीतून कळणार नाही. मुख्याध्यापकांनी काय केले असे विचारले, तर अशा दहा नोंदी आणि तो चौकटीचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवा.

शेवटी यादीबद्दल. कृपा करून ती भिंतीवर लावू नका. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी वर्गात ‘अ, ब, क’ अशा रांगा केल्या होत्या आणि त्यांची नावे तक्त्यावर लिहून दाराशेजारी चिकटवली होती. हेतू चांगला होता. क रांगेला मी जास्त वेळ देणार होते आणि देतही होते. पालकसभेला एका मुलाची आई आली, ती घरकाम करून थेट आलेली होती. तिला वाचता येत नव्हते, म्हणून तिने त्या तक्त्यावर आपल्या मुलाचे नाव कुठे आहे ते त्यालाच विचारले. त्याने ‘अ’ रांगेवर बोट ठेवले. मी शेजारीच उभी होते आणि काही बोलले नाही. संध्याकाळी मी तो तक्ता काढला. त्यानंतर माझ्या भिंतीवर फक्त त्या पंधरवड्यातल्या कौशल्यांची यादी असे, ‘शून्यातून हातचा’, ‘दशांशांची तुलना’ अशी, आणि कोणाला कोणत्या दिवशी माझ्यासोबत बसायचे आहे ते मी सकाळी हजेरी घेताना हळूच सांगत असे. पुढे पुढे काही मुले आपणहून येऊन विचारू लागली, ‘बाई, आज मी पण बसू का? मला दशांशाचं नीट येत नाही.’